चाळीस मिनिटांचं ऊन

भांडुपात थंडी म्हणजे
चार रात्री पंखा एकवर
आणि सकाळी बाटलीत थिजलेलं खोबरेल.
तेवढ्यात उरकायचं असतं सगळं.

मेथी उपटली.
पालकाला तुरे आले होते, पानं जून;
टाकवेनात, म्हणून ताकात शिजवली.
टोमॅटोचं शेवटचं झाड माव्याने चिकट झालेलं,
त्याच्यावर गोट्यांएवढे चार हिरवे.
चटणी झाली, वाटीला बूड झाकेल एवढी.

मग हॉलमध्ये जुनी चादर अंथरून
बादल्या पालथ्या केल्या.
मुळं वेचली. ढेकळं फोडली.
मातीत सापडलं एक गांडूळ, एक बटण,
आणि गणपतीत हरवलेला चहाचा चमचा,
ज्याच्यावरून कुमुदिनी दोन दिवस बोलली नव्हती.
आता चमचा घासून पुसून डब्यात ठेवला,
तरी काही बोलली नाही.

रसवंतीतून आणलेली चिपाडं
डिसेंबरपासून पिंपात कुजताहेत.
झाकण उघडलं
की समोरच्या खिसमतरावांचं दार आपोआप लागतं.

बिया आहेत फिल्म रोलच्या डब्यांत.
स्टुडिओ बंद केला तेव्हा कॅमेरे विकले,
पडदे विकले, तो मखमली स्टूलही गेला;
डब्या कोण घेणार.
भेंडी, गवार, चवळी, काकडी.
एकीवर नुसतंच लिहिलंय: 'बघू.'

लाइट मीटरही ठेवलाय.
बत्तीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांपुढे धरला,
आता ग्रिलमध्ये, बादलीच्या काठावर धरतो.
रथसप्तमीनंतर
दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात.
माझ्या खिडकीत तो कमी होतोय.
समोर टॉवर चढतोय, पंधरवड्याला एक स्लॅब.
गेल्या माघात सव्वादोन तास ऊन यायचं.
आता टॉवरच्या माथ्यावरून सुटून
माझ्या छज्ज्याआड जाईपर्यंत
सूर्याकडे माझ्यासाठी चाळीस मिनिटं असतात.
मी खडूने फरशीवर रेघ मारतो,
बादल्या रेघेबरोबर सरकवतो,
पोर्ट्रेटला बसलेल्या माणसाची हनुवटी सरकवावी तशा.
जरा डावीकडे. बस. हलू नका.

चाळीस मिनिटांत मायाळू येईल, पुदिना येईल.
दुधी येणार नाही.

तरी बिया रात्रभर भिजत घातल्या,
ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या मागे, उबेला ठेवल्या.
सवय.
पाचव्या दिवशी तीन मोडल्या.

फेल्सी घोन्साल्विस राहते तीन मजले वर,
माझ्या बरोब्बर डोक्यावर.
वसईची. बापाची वाडी होती, आता तिथे पार्किंग आहे.
जिन्यात भेटली, मी बोललो, तिने ऐकलं
आणि पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली,
"माझ्याकडे अजून दोन तास येतं.
पाठव की वर. वाढवते मी. खाली सोडते."
मला कळेना, काय खाली सोडते?
"वेल रे. वेलाला काय, चढता येतं तसं उतरताही येतं."

म्हणून काल
दोरीला बांधून बादली वर गेली.
पहिल्या मजल्यावरून मी देतोय,
चौथ्यावरून ती ओढतेय,
आणि मधल्या दोन्ही खिडक्यांतून
ज्यांना आपण फक्त मीटिंगला पाहतो
अशी माणसं हात लावताहेत,
"सांभाळून, सांभाळून," म्हणताहेत.
दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने तर
मातीत बोट खुपसून पाहिलं.

आज सकाळी तिचा निरोप:
कोंब नीट आहे, बोंबील धुतलेलं पाणी घातलं.
आमच्याकडे मासे चालत नाहीत.
कुमुदिनी म्हणाली, दुधीला नको सांगू.

पुढच्या वर्षी टॉवर तिचंही ऊन घेईल,
हे आम्हा दोघांना दिसतंय;
कुणी काढत नाही विषय.

मी माझ्या ग्रिलला काथ्या बांधला,
वरचं टोक पोराने पकडलं, त्याने वर दिलं, तिथून आणखी वर.
चार मजले ताणलेला, रिकामा.
एक चिमणी येऊन बसून गेली.
दुधीला अजून दोनच पानं आहेत
आणि मी खाली, मीटर हातात धरून,
वर बघतोय.